संत्र्याचा रकाना

पूर्वी संकटं मी हातानं लिहायचे.
कोत्काच्या शाळेत, तळमजल्यावर,
वहीच्या डाव्या पानावर वारा, उजव्या पानावर चूक.
वर्षाला फार तर चाळीस.
पोरं ती एकमेकांना विकायची, कॉफीच्या बदल्यात:
"तुओवीबाई ना? सातव्या मिनिटाला इंजिन बंद पाडते.
धुकं आलं की समज, मागून मच्छीमार होडी."

आता यंत्र लिहितं.
संध्याकाळी मी फक्त हद्दी आखून देते:
वारा इथपासून इथपर्यंत, बर्फ इतका जाड,
जहाज भरलेलं की रिकामं,
सुकाणूवरचा माणूस किती थकलेला.
थकव्यालाही आकडा आहे, शून्य ते दहा.
मग घरी जाते, मासे तळते, झोपते.
सकाळी आठशे बारा रात्री तयार असतात,
अंड्यांच्या ट्रेसारख्या, हारीनं,
एकीसारखी दुसरी नाही.

खोटं कशाला बोलू, यंत्र हुशार आहे.
एकदा त्यानं टगबोटीचा दोर तुटायच्या आधी
तीन मिनिटं सूर्य पाण्यालगत धरून ठेवला,
काचेतून थेट डोळ्यांत जाईल असा.
मला नसतं सुचलं.
त्या दुपारी वही कपाटात टाकली.
किल्ली मात्र खिशात राहिली.

मार्चमधल्या एका संध्याकाळी, सगळे गेल्यावर,
मी त्याला एन्सिओची रात्र घातली.

वान्हाकिवीचा खडक. वारा नैर्ऋत्येचा, तसा काहीच नाही.
नजर दूरवर पोचत होती. दिवे सगळे जळत होते.
माल: कागदाची रिळं.
एन्सिओ वाटाड्या, मी शिकाऊ, त्याच्या डाव्या हाताला.
आचाऱ्यानं वर संत्री पाठवली होती, पोचे आलेल्या भांड्यात.
जहाज जरासं कललं, एक संत्रं निसटलं,
सुकाणूवरच्या पोरानं ते अडवायला पाय पुढे केला
आणि हसला.
एवढंच. त्या हसण्यात त्याला
विसाच्या जागी दहा ऐकू आलं.

धक्का बसला तेव्हा मला वाटलं, बर्फ.
एन्सिओ कंदील घेऊन बघायला पुढे गेला.
कंदील सापडला.

संत्रं म्हणजे काय, हे यंत्रानं विचारलं नाही.
त्याच्याकडे रकानाच नव्हता, मी 'इतर' मध्ये टाकलं.
अकरा सेकंदांनी उत्तर आलं:
संभाव्यता नगण्य. प्रशिक्षणमूल्य कमी. वगळलं.

मी रागावले नाही.
चौतीस वर्षं मीही हेच म्हणत आलेय, असं होत नसतं.
चौकशी समितीनंही तेच म्हटलं होतं,
फक्त सतरा पानं घेतली.

दुसऱ्या दिवशी एलिसची पाळी.
पोरगा चांगला, जरा जास्तच ताठ,
सहाशे चौदावी रात्र उघडून उभा राहिला:
शांत पाणी, चंद्र, बंदराची वाट, एकही संकट नाही.
अशाही असतात काही. पोरं त्यांना सगळ्यात जास्त घाबरतात,
दर मिनिटाला मागं वळून माझं तोंड बघतात.

बाविसाव्या मिनिटाला मी पिशवीतून संत्रं काढलं
आणि फरशीवर सोडलं.
आमच्याकडे फरशी कलत नाही, फक्त चित्र कलतं.
ते वीतभर गेलं, थांबलं.
एलिसनं खाली पाहिलं.
"तुमचं पडलं," म्हणाला.
वाकून, पुसून, दोन्ही हातांनी दिलं मला,
त्याच्या आईनं शिकवलं असेल तसं.
पडद्यावर हिरवा बोया उजवीकडून जायचा
तो डावीकडून गेला.

यंत्रानं नोंद केली: मार्ग चुकला.
कारण: उपलब्ध नाही.
एलिस अजून मलाच बघत होता, संकट कधी येणार म्हणून,
आणि संत्रं माझ्या हातात, फ्रिजमधलं,
अजून थंड.